चिमण्याचा हात

बाळने मासे धरायला अख्खी बोट ठरवली आणि ताईने आपल्या पिशवीत मेणाचे रंगखडू भरले, तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं की ही दोघं एकाच बोटीतून दोन वेगळ्या कामांना निघाली आहेत.

'बाळ' या नावावर कोणी जाऊ नये. बाळच्या डोक्यावर आता औषधालाही केस नव्हता, आणि त्याला आजोबा म्हणणारी नातवंडं गणितात नापास होण्याइतकी मोठी झाली होती. पण थोरली बहीण धडधाकट असेतोवर धाकट्याची बाळपणातून सुटका नसते. ताईने सारा जन्म पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात घालवला होता. त्यामुळे समोर कोणीही असो, ती आधी त्याच्या नाकाकडे आणि नखांकडे बघायची, मग बोलायची.

बाळचं काम सोपं होतं. त्याला एकदा तरी मोठा मासा गळाला लावायचा होता. तळ्यातले, नदीतले, ओंजळीत मावणारे मासे धरून त्याचा जीव विटला होता.

ताईचं काम मात्र सांगायला अवघड होतं. म्हणून तिने ते बोटवाल्याला नीट सांगितलंच नाही.

त्यांची आई लहानपणी समुद्रात ओळीने असलेल्या तीन बेटांपैकी एका बेटावर राहायची. फार जुन्या काळी, लढायांच्या दिवसांत, त्या बेटांवर टेहळणीची ठाणी बांधली होती. लढाया संपल्या, पण येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना निशाणं दाखवायला तिथे रखवालदार ठेवत. आईचे वडील असे रखवालदार होते. त्या एकाकी बेटावर चौघं जण राहत: आजोबा, आजी, आई, आणि आईचा धाकटा भाऊ. त्याला सगळे चिमण्या म्हणत. एका वादळी हंगामात चिमण्याला ताप भरला, कित्येक दिवस बोट येऊ शकली नाही, आणि चिमण्या गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. ताई आणि बाळ म्हातारे होत गेले, पण मामा तेवढाच राहिला, त्यांच्या नातवंडांहूनही लहान.

एक खूण मात्र होती, असं आई सांगायची. घरामागच्या पाण्याच्या टाकीला नवा गिलावा केला तेव्हा आजोबांनी दोन्ही मुलांना उचलून ओल्या चुन्यात त्यांचे हात उमटवले होते. "एक माझा, एक चिमण्याचा," आई म्हणायची.

आता आई अंथरुणाला खिळली होती आणि रोज सकाळी डोळे उघडले की एकच विचारायची, "चिमण्याचा हात आणलास का गं?"

यावर काय बोलायचं, हाच प्रश्न होता. आईचं हल्ली सगळंच सरमिसळ झालं होतं. चहा पिऊन झाला की चहा कधी मिळणार म्हणून विचारायची. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिने "वारा कसा आहे?" असं विचारलं होतं, आणि तो बिचारा पंख्याकडे बघत राहिला होता. डॉक्टर म्हणाले, खरं असेल तेवढ्याला हो म्हणा, नसेल त्याला उगाच खतपाणी घालू नका.

"पण खरं काय, ते आधी कळायला नको का?" ताई म्हणाली.

"ताई, तू चिडू नकोस," बाळ म्हणाला होता, "पण चिमण्याला आईशिवाय कोणी पाहिलंय? आजी-आजोबा त्याच्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. एकटी मुलगी, चारी बाजूंना पाणी. मनानेच एखादा भाऊ केला असेल. तुझ्या वर्गात नव्हती का तशी मुलं?"

ताईच्या वर्गात तशी मुलं होती. एक मुलगी तर अदृश्य बहिणीसाठी बाकावर जागा राखून ठेवायची आणि कोणी तिथे बसलं की भोकाड पसरायची. एकट्या मुलाचं मन रिकाम्या जागेत माणूस बसवतं, हे ताईने पालकांना कितीदा समजावून सांगितलं होतं. आता तेच तिच्यावर उलटलं होतं.

म्हणून रंगखडू. नाण्यावर कागद ठेवून त्यावर खडू आडवा घासला की नाणं कागदावर उतरतं, हे पहिलीतल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असतं. नाणं उतरतं, झाडाचं पान उतरतं, तर भिंतीतला हात का उतरणार नाही? ताईने चित्रकलेचे जाड कागद गुंडाळून घेतले आणि बाळला म्हणाली, "तू मासे धर. मला फक्त बेटावर सोड."

बोट सकाळी उजाडल्यावर निघाली. बोटवाला एकटाच होता. अंगाने आडवा, बोलायला मोकळा, आणि गिऱ्हाइकाला काय हवं ते गिऱ्हाइकाच्या आधी ओळखल्याचा अभिमान बाळगणारा.

"साहेबांना मासे आणि बाईंना इतिहास," तो म्हणाला. "माझ्याकडे दोन्ही मिळतं. कुठल्या बेटावर उतरायचं, बाई?"

"पहिल्या."

"पहिल्या?"

"हो. आई नेहमी म्हणते, आम्ही पहिल्या बेटावर राहायचो."

 सुकाणूवरची बोटं बोटवाल्याने एकेक करून उचलली आणि टेकवली, जणू मनात हिशोब करत होता. मग मान डोलावून म्हणाला, "हां हां. तुमचं पहिलं. कळलं."

'तुमचं' हा शब्द ताईला जरा खटकला. पण शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला लोकांचे शब्द सारखेच खटकतात, सगळ्यांच्या मागे लागून कसं चालेल?

किनारा पुसट होत गेला आणि मग दिसेनासा झाला. पाण्यावर पांढरट धूर असावा तसं काहीतरी पसरलं होतं. बाळ आपली गळाची नवी कोरी काठी मांडीवर घेऊन, नवरदेवाने तलवार धरावी तसा बसला होता.

"गळ पाण्यात टाकलास तर बरं," ताई म्हणाली. "मांडीवर मासा येत नाही."

"बोट चालू असताना टाकत नाहीत, ताई. तुला यातलं काय कळतं?"

"तुला तरी कुठे कळतं? निघताना दुकानदाराने काठीला चिकटवलेली चिठ्ठी तशीच आहे."

बाळने गुपचूप चिठ्ठी काढून खिशात घातली.

पहिलं बेट धुरातून वर आलं. काळे खडक, वर वाळकं गवत, आणि गवतात एक बसकं दगडी घर. जुन्या धक्क्याच्या पायऱ्या पाण्यातून निघाल्या होत्या. बोटवाल्याने बोट अलगद टेकवली, बाळने आधी उडी मारली, आणि ताईला ओढून घेताना तिचा गुडघा खडकावर चांगलाच आपटला.

"लागलं?"

"नाही," ताई म्हणाली, आणि लंगडत वर चढू लागली.

घराचं दार कधीच नाहीसं झालं होतं. ताई चौकटीतच थांबली. हे घर तिला माहीत होतं. दोन खोल्या. डाव्या खोलीत छताला लोखंडी कडी: "त्याला आमचा पाळणा बांधायचे." चुलीच्या वरच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा, अजून काजळीने काळा. खिडकीची उतरती दगडी फळी, जिच्यावर बसलं की घसरायला होतं: "आजी म्हणायची, घसराल, हात मोडाल." लहानपणी झोपताना ऐकलेली गोष्ट कोणीतरी दगडात बांधून ठेवावी, तसं ते घर होतं. ताईने फळीवर बसून पाहिलं. खरंच घसरायला झालं.

"बाळ, बघ! आई एक शब्द खोटं बोलत नाही."

बाळनेही मान वर करून कडी पाहिली. त्याने हात उंचावून कडीला लोंबकळून पाहावं असा विचार केला, मग आपल्या वजनाचा विचार केला, आणि सोडून दिलं.

एकच गोष्ट जुळत नव्हती. आई म्हणायची, "खिडकीतून नुसतं पाणी दिसायचं. जेवताना बघायला दुसरं काही नसायचं, म्हणून चिमण्या माझ्या ताटात बघायचा." या खिडकीत मात्र दुसरं बेट होतं, चौकटीच्या अगदी मधोमध, फोटो लावल्यासारखं. ताई जराशी गोंधळली. मग तिने स्वतःची समजूत घातली, आई लहान होती, तिची मान खिडकीपर्यंत पोहोचत नसेल. किंवा तेव्हाही असाच धूर असेल. समजूत घालायची म्हटली की कारणं रांग लावून उभी राहतात.

टाकी घरामागे होती. दगडी, चौकोनी, तोटीखालचा दगड पाण्याने झिजलेला. तोही आईच्या गोष्टीतलाच. ताईने गवत बाजूला केलं.

भिंत कोरी होती.

तिने डाव्या बाजूला पाहिलं, उजव्या बाजूला पाहिलं, वाकून मागे पाहिलं. गिलावा जुना होता, शेवाळलेला, पण सपाट. मग तिने डोळे मिटून पंजाने सगळी भिंत चाचपली. डोळ्यांना न दिसणारं कधीकधी बोटांना सापडतं, असं ती मुलांना सांगायची. बोटांना काही सापडलं नाही. शेवटी तिने कागद लावला आणि निळा खडू आडवा धरून घासला. कागदावर कोणा गवंड्याच्या थापीचे फराटे उमटले.

बाळ मागे उभा होता. तो चिडवेल अशी ताईची अपेक्षा होती. त्याने चिडवलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"नंतर कोणी गिलावा केला असेल," तो हळूच म्हणाला.

"हा जुनाच आहे."

"मग..."

"मग काय? बोल की."

"मग काही नाही. चल, पायाला पाणी लाव. रक्त येतंय."

बोटीत परत आल्यावर ताई एका बाजूला बसून राहिली. तिच्या डोक्यात एकच प्रश्न गरगरत होता. पाळण्याची कडी खरी, कोनाडा खरा, झिजलेला दगड खरा. मग आई नेमकी चिमण्याबद्दलच का चुकेल? की मुलं करतात तसंच तिने केलं होतं? सगळी खरी भांडी मांडायची आणि त्यात खोटा स्वयंपाक करायचा? उद्या सकाळी आई विचारेल तेव्हा काय सांगायचं? "नाही आणला" म्हणायचं, की "नव्हताच" म्हणायचं? पहिल्या उत्तराने आई उद्याची वाट बघेल. दुसऱ्याने आईच्या भावाला दुसऱ्यांदा मरण येईल, आणि या वेळी ते ताईच्या तोंडून येईल.

दुसरं बेट बाजूने गेलं. ताईचं सहज लक्ष गेलं आणि ती दचकली. काळे खडक, वाळकं गवत, बसकं दगडी घर.

"अहो, आपण फिरून तिथेच आलो का?"

"छे!" बोटवाला हसला. "तिन्ही बेटांवर एकच घर आहे. सरकारी काम, एकच नकाशा. तीच खोली, तीच खिडकी, तीच टाकी. गवंडीसुद्धा तेच असतील."

"तिन्ही घरं सारखी? मग आपण उतरलो ते कशावरून पहिलं?"

"बाई, पहिलंच होतं ते," बोटवाल्याने तिला धीर दिला. "तुम्ही पहिलं म्हणालात, मी पहिलं दाखवलं. माझ्याकडून चूक व्हायची नाही."

ताईला काहीतरी निसटल्यासारखं वाटत होतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत फिरावं तसं. पण माणूस इतक्या ठामपणे बोलत होता, आणि समुद्रात तिला पूर्व-पश्चिमसुद्धा कळत नव्हती. सूर्य मघाशी उजव्या खांद्यावर होता, आता पाठीवर आला होता. 

तिसऱ्या बेटापलीकडे बोटवाल्याने इंजिन बंद केलं. बेटाच्या आडोशाला पाणी संथ होतं. बाळने गळ टाकला आणि डोळे मिटून, ओठ हलवून, कोणा देवाला का माशाला काहीतरी पुटपुटला.

आणि मासा लागला.

काठी एकदम धनुष्यासारखी वाकली. रिळातून दोरा खरखरत सुटू लागला. बाळ उठला, बसला, पुन्हा उठला. "ताई! ताई, धर मला! मागून धर!"

"मासा धर, मी तुला धरते!" ताईने त्याच्या कमरेचा पट्टा पकडला.

"ओढू नका साहेब, पळू द्या त्याला," बोटवाला ओरडला. "दमवा. हा लहान नाही. पोटचं पोर रुसल्यावर कसं वागता? तसं वागा."

"मी पोरांना मारायचो!"

"मग तसं नका वागू!"

तेवढ्यात रेडिओवर कोणीतरी हाक मारली. बोटवाल्याने एक डोळा बाळवर ठेवून उत्तर दिलं. "हां, ऐकतोय. पहिल्याच्या आडोशाला आहे मी. हो, साहेबांना घसघशीत लागलाय. तू कुठे? तिसऱ्याजवळ? मग काय, घर आलंच तुझं."

ताईच्या हातातला पट्टा सैल झाला.

"पहिल्याच्या आडोशाला? पहिलं तर आपण केव्हाच मागे टाकलं. हे तिसरं आहे ना?"

"तुमचं तिसरं," बोटवाला म्हणाला. "आमचं पहिलं."

"म्हणजे?"

"त्याचं असं आहे, बाई. आम्ही जाळी घेऊन निघतो तेव्हा मिट्ट काळोख असतो. जाताना बेटं दिसतच नाहीत, मग मोजणार काय? उजाडतं ते इथे, बाहेर आल्यावर. मासे भरले, घराकडे तोंड केलं, की मग मोजायचं. हे पहिलं, ते दुसरं, ते तिसरं, की घर. वाडवडलांपासून आमची मोजणी येतानाची. फिरायला येणारे मोजतात जातानाची. सुरुवातीला फार घोळ व्हायचे. आता गिऱ्हाइकाने पहिलं म्हटलं की मी आपोआप तिसरं समजतो. सवयच लावून घेतलीय." त्याच्या आवाजात अजून अभिमान होता.

ताईने त्याच्याकडे, जोडाक्षर अडलेल्या मुलाकडे बघावं तसं, शांतपणे पाहिलं. घाई केली तर मूल बिथरतं.

"मला एक सांगा. त्या काळी बेटावर राहणाऱ्यांना धान्य, तेल, कपडे कोण आणून द्यायचं?"

"मासेमारीच्या बोटी. दुसरं कोण येणार इथे?"

"मग बेटावरची लहान मुलगी बेटं मोजायला कोणाकडून शिकली असेल?"

बोटवाल्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग कपाळावर हात मारला. "आईशपथ! म्हणजे तुमच्या आई आमचं पहिलं म्हणत होत्या, आणि मी तुमच्या सोयीसाठी..."

तिघांनीही बेटाकडे पाहिलं. वाळक्या गवतात बसकं दगडी घर होतं. त्याची खिडकी बाहेरच्या बाजूला होती. तिच्यासमोर कोणतंही बेट नव्हतं. नुसतं पाणी होतं.

"चला," ताई म्हणाली. "बोट घ्या तिकडे."

"आत्ता? साहेबांचा मासा?"

"थोडा वेळ थांबू," बाळ दातओठ खाऊन म्हणाला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "येतोय तो. दमलाय."

बोटवाल्याने धक्क्याकडे नजर टाकली आणि त्याचा चेहरा बदलला. "साहेब, ओहोटी लागलीय. इथल्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्या मोडल्यात. पाणी आणखी उतरलं की बोट टेकवता यायची नाही. जायचं तर आत्ता. नाहीतर पुन्हा कधीतरी."

पुन्हा कधीतरी. आईच्या बाबतीत या शब्दांना काही अर्थ उरला नव्हता. ते तिघांतल्या दोघांना चांगलं माहीत होतं.

 बाळने आयुष्यात ताईकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या, आणि हा मासा त्याने तिच्याकडे मागितलाही नव्हता. तिने पुन्हा त्याचा पट्टा घट्ट धरला.

पाण्यात काहीतरी रुंद, चंदेरी वळलं आणि पुन्हा खाली गेलं. बाळने ते पाहिलं. तिघांनीही पाहिलं.

"ताई," बाळ समोरच बघत म्हणाला, "आई नक्की 'पहिलं'च म्हणायची ना?"

"तूही ऐकलंयस की. माझ्याच शेजारी झोपायचास."

"हो. ऐकलंय." तो जरा थांबला. "सुरी द्या हो."

बोटवाल्याने सुरी दिली. बाळने दोरा कापला. काठी सटकन सरळ झाली आणि तो तोल जाऊन ताईच्या मांडीवरच बसला.

"ऊठ," ताई म्हणाली. "गुडघा आहे तो माझा."

पण तो गुडघा आता सुजून नारळाएवढा झाला होता. धक्क्याजवळ बोट वरखाली होत होती, आणि इथे उडी मारणं ताईच्या आवाक्यातलं नव्हतं, हे तिलाही कळलं. तिने कागदाची गुंडाळी आणि खडू बाळच्या हातात दिले.

"मी?" बाळ म्हणाला. "मला जमणार नाही. चित्रकलेत मी नेहमी..."

"माहीत आहे, तुझी वही मीच रंगवायचे. नीट ऐक. कागद हलू द्यायचा नाही. खडू टोकाने नाही, आडवा धरायचा. हलक्या हाताने. आणि..." तिला आणखी पुष्कळ सांगायचं होतं. "आणि पडू नकोस."

बाळने उडी मारली, चार पायांवर पडला, आणि खेकड्यासारखा वर चढून गवतात दिसेनासा झाला.

ताई बोटीत बसून राहिली. वर्गात मुलं उत्तरं लिहीत असताना बाईंना काही करता येत नाही. फेऱ्या मारता येतात, आणि इथे तेही नव्हतं. बोटवाला ओशाळून लांबच्या दांड्याने बोट खडकापासून दूर राखत होता. एकदा तो म्हणाला, "बाई, मी आपलं चांगल्यासाठीच..."

"माहीत आहे हो," ताई म्हणाली. "विचारलं असतंत तर बरं झालं असतं. पण मीही कुठे विचारलं? 'तुमचं पहिलं' म्हणालात तेव्हाच मला खटकलं होतं."

बाळ परत आला तो घाईने. चेहऱ्यावरून काही कळेना. पाणी बरंच उतरलं होतं. त्याने शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवला, दोन्ही हात पसरून क्षणभर पक्ष्यासारखा उभा राहिला, आणि कागदासकट धपकन समुद्रात पडला.

बोटवाल्याने त्याला बखोटीला धरून वर ओढलं. बाळ खोकत होता, नाकातोंडातून पाणी येत होतं, पण गुंडाळी त्याने छातीशी कवटाळली होती आणि तिच्यातूनही पाणी ठिबकत होतं.

"गेलं," तो रडवेला होऊन म्हणाला. "ताई, सगळं धुऊन गेलं."

"गप. मेणाचा खडू आहे. मेणाला पाणी लागत नाही." ताईने गुंडाळी त्याच्या हातातून सोडवली आणि मासे ठेवायच्या बर्फाच्या पेटीचं झाकण पुढे ओढून त्यावर कागद हळूहळू उलगडला.

सगळा कागद निळा होता, वेडावाकडा, कुठे दाट कुठे विरळ. चित्रकलेत बाळची प्रगती शून्य होती. पण त्या निळ्यात दोन जागा कोऱ्या राहिल्या होत्या. भिंत कागदावर उतरली होती आणि हात पांढरेच राहिले होते. दोन चिमुकले पंजे, बोटं फाकलेली, एक जरासा मोठा, एक जरासा लहान.

 मग बाळने नाक पुसलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, रागावू नकोस. वर असतानाच माझ्या मनात आलं. दोन हात तर एका मुलीलाही असतात. तिने एक आधी लावला असेल, एक थोडी मोठी झाल्यावर."

हे ताईला सुचलंच नव्हतं. इतका आटापिटा करून पुन्हा तिथेच? तिने कागदाकडे पाहिलं. मग स्वतःचा उजवा पंजा मोठ्या हातावर धरून पाहिला. अंगठा जुळेना. डावा धरला, जुळला. मग लहान हातावर उजवा धरला. जुळेना.

"बाळ, तुझा हात आण. उजवा धर इथे. जुळतो?"

"नाही. अंगठा भलतीकडे जातो."

"आता डावा."

"हां, जुळला."

"आणि ओल्या चुन्यात हात लावायचा, तर तो सुकायच्या आत लावावा लागतो. एका दिवसात मूल मोठं होत नाही." ताई वर्गात बोलायची तशीच सावकाश बोलत होती. "हे दोन्ही डावे आहेत, बाळ. लहानमोठे, दोन्ही डावे. एका माणसाला दोन डावे हात असतात का?"

बाळने आपले दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरले आणि आळीपाळीने पाहिले. बोटवाल्यानेही दांडा काखेत धरून आपले पाहिले.

"नसतात," बाळ म्हणाला. मग बर्फाच्या पेटीवर कोपर टेकून तो लहान मुलासारखा रडला, न पाहिलेल्या मामासाठी.

घरी पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. आईला उशीला टेकवून बसवलं. ताईने कागद तिच्या मांडीवर पसरला. तो वाळून कडक झाला होता आणि कडेने मिठाची पांढरी रेघ आली होती.

"हे काय?" आईने विचारलं. "भिंत का आणलीत?"

 आई बराच वेळ नुसती बघत होती. मग तिचा सुरकुतलेला डावा हात उचलला गेला, मोठ्या पंजावरून पुढे गेला, आणि लहान पंजावर जाऊन थांबला. तो सगळा झाकला गेला, आणि आईचा चेहरा उजळला.

"उजव्या हातात बिस्किटं होती ना," आई म्हणाली. "बाबा म्हणाले, हात लावा लवकर, चुना सुकतोय. याने बिस्किट खाली ठेवलंच नाही. मग मीही नाही ठेवलं."

ताईने बाळकडे पाहिलं. बाळ खिडकीबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी आई उठायच्या आत ताईने तो कागद पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. सकाळी आईने डोळे उघडले आणि विचारलं, "चिमण्याचा हात आणलास का गं?"

ताईला क्षणभर कळेना की हसावं की रडावं. पण चहाचा कप घेऊन आत येणाऱ्या बाळनेच उत्तर दिलं.

"आणला, आई. तो बघ समोर. आणि फुकट नाही आणला, हातातला मासा सोडून आणला."

आईने समोर पाहिलं. तिचा चेहरा काल संध्याकाळी उजळला होता तसाच, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा, उजळला. मग तिने बाळकडे पाहिलं. "केवढा होता मासा?"

बाळने कप ठेवला आणि हात पसरून दाखवलं.

आता हे रोज चालतं. आई रोज विचारते, रोज पाहते, आणि तो मासा रोज थोडा थोडा वाढतो.